उसना मामा

नलिनीबाईंच्या तोंडी लागू नका, असं मिसरोदच्या त्यांच्या कॉलनीत घरमालक नव्या भाडेकरूला किल्ली देतानाच सांगतात. आणि खोटं नाही सांगत हो! अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, साखर वाढलेली, पण जिभेला म्हणून गंज नाही. बिट्टन मार्केटच्या हाटात भेंडीचा शेंडा मोडून बघणार, भाजीवाला "अम्मा, तोड़ो मत" म्हणाला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, आणि शेवटी भेंडी त्याच्याचकडून घेणार. गॅसवाला, केबलवाला, गच्चीवरून पाणी सोडणारी समोरची पिंकी, कोणाची सुटका नाही. घरातल्या नवऱ्याची तर नाहीच नाही.

नवरा म्हणजे शांतारामपंत घाटंजीकर. छप्पन साली नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा ह्यांचे वडील फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले, आणि पुढे मुलगाही त्याच कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. माणूस वाईट नाही, पण एक वाक्य त्यांनी आयुष्यभर वापरून गुळगुळीत केलं आहे. "आमच्या घाटंजीकरांत असलं काही नाही." मुलीला पहिल्यांदा गणितात कमी मार्क पडले तेव्हाही हेच, आणि मुलाचे डोळे गेले तेव्हाही हेच. नलिनीबाईंच्या निम्म्या रागाचा धनी हे वाक्य आहे. उरलेल्या निम्म्या रागाचा धनी कोण, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. तो राग त्यांचा स्वतःवर होता.

मुलगा अमेय. आता एकोणचाळीस वर्षांचा. दोन हजार दहा साली तो चोवीसचा होता आणि मंडीदीपच्या एका कंपनीत नुकता लागला होता. एक दिवस सकाळी पेपर वाचताना म्हणाला, "आई, ह्या ओळीच्या मधलं अक्षर पुसल्यासारखं दिसतंय." उजवा डोळा होता तो. दुखलं नाही, लाल झाला नाही, पाणी आलं नाही. पंधरा दिवसांत त्या डोळ्याचा मधला भाग गेला. तीन महिन्यांनी डावाही तसाच गेला.

पूर्ण अंधार नाही आला त्याला, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याला कडेकडेचं दिसतं. जिन्याच्या पायऱ्या दिसतात, दाराची चौकट दिसते, साडीचा काठ दिसतो. पण ज्याच्याकडे सरळ बघेल तेच नाहीसं होतं. माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी राखाडी ठिपका. म्हणून तो माणूस बघायचा तर नजर थोडी बाजूला नेतो, त्याच्या कानाकडे बघतो, तेव्हा कुठे चेहरा जरासा उमटतो. लोकांना वाटतं, शिष्ट आहे, बोलताना भलतीकडेच बघतो. बँकेत लागला आहे आता, बोलणाऱ्या कंप्युटरवर काम करतो. तिथला मॅनेजर फार डोकं खायला लागला की अमेय त्याच्याकडे टक लावून सरळ बघत बसतो. घरी येऊन हसत सांगतो, "सरळ बघितलं की साहेब गायब!" आईशी बोलताना मात्र तो नेहमी तिच्या डाव्या कानातल्या कुडीकडे बघत असे. नलिनीबाई मुद्दाम मोत्याची मोठी कुडी घालत. साध्या दिवशीही.

तर पहिला डोळा गेला तेव्हा त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या. आधी त्यांनी त्याला दारूचं विचारलं, गावठी पितोस का म्हणून. नाही म्हणाला. सिगरेट? दिवसाला पाच-सहा. मग त्या नलिनीबाईंकडे वळल्या.

"आई, आपके मायके में, आपकी माँ की तरफ़, किसी की जवानी में ऐसे आँख गई है? मामा, मौसी का बेटा, कोई?"

शेजारच्या खुर्चीत शांतारामपंत बसले होते, छत्रीच्या दांड्यावर हात ठेवून. नलिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे.

"नहीं," त्या म्हणाल्या. "कोई नहीं."

एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द खोटा होता.

त्याच्यासाठी सत्याहत्तर साल सांगावं लागेल. तेव्हा त्या नलिनीबाई नव्हत्या, वीस वर्षांची नलू होती, नागपूरला राहणारी. तिच्या आईला एकच सख्खा भाऊ, विश्वास. नलूपेक्षा सहाच वर्षांनी मोठा, म्हणजे मामा कमी आणि दादा जास्त. सायकलवर डबलसीट बसवून अंबाझरीला नेणारा. एकविसाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली, एक डोळा आधी, दुसरा मागून, न दुखता. कोणी म्हणे ताप डोक्यात गेला, कोणी म्हणे सूर्यग्रहण बघितलं. आजी हळूच म्हणायची की तिच्या भावाचंही असंच झालं होतं, पण हे बोललं की घरातले तिला गप्प करायचे. घरात लग्नाची पोर असताना असलं बोलतात का?

भोपाळचं स्थळ चालून आलं. सरकारी नोकरी, स्वतःचं क्वार्टर, हुंड्याचा हट्ट नाही. पाहायला आले त्या दिवशी विश्वासमामाला शेजारच्या प्रतिभाताईंकडे बसवलं. तेवढं निभावलं. पण लग्नात काय करणार? आपल्याकडे मुलीला गौरीहरापासून मांडवात आणतो तो तिचा मामा, मंगलाष्टकं होईपर्यंत अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. गुरुजी माईकवर ओरडूनच सांगतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या. वडील नसले तरी लग्न अडत नाही एक वेळ, पण मामा नाही म्हटलं की शंभर माणसं विचारतात, मामा कुठे?

मग नलूच्या वडिलांनी मामा उसना आणला. आईचा चुलतभाऊ, केशवमामा, अमरावतीचा. नाकीडोळी नीटस, कोट घातलेला, टोपी घातलेला. तो उभा राहिला नलूच्या मागे. आणि सख्खा मामा तीन घरं पलीकडे प्रतिभाताईंच्या माजघरात पाटावर बसून बँड ऐकत होता. त्याला सांगितलं होतं, गर्दीत तुला त्रास होईल.

निघायच्या आधी नलू पाया पडायला गेली. विश्वासमामाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मुंडावळ्या चाचपल्या आणि विचारलं, "नले, मागे कोण उभं होतं गं?"

बाहेरून हाका येत होत्या, गाडीची वेळ झाली होती. नलू घाईने उठली. तो प्रश्न घेऊन ती भोपाळला आली, आणि अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी तो प्रश्न तिच्या पोटात आहे. विश्वासमामा पुढे अंधशाळेत खुर्च्या विणायला लागला आणि शहाण्णव साली गेला. नलिनीबाईंनी सासरी सांगून ठेवलं होतं की मामा लहानपणीच वारला. वारलेल्या माणसाच्या तेराव्याला त्या कशा जाणार? त्या दिवशी त्यांनी मोलकरणीशी एवढं भांडण काढलं की ती काम सोडून गेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. डॉक्टरीणबाईंपुढे ती मूठ उघडायचा धीर झाला नाही. शेजारी शांतारामपंत बसलेले, त्यांना काय सांगायचं, की तुमच्याशी लग्न लावताना आम्ही आंधळा मामा लपवला?

मग तीन महिने गेले. भलतीच औषधं झाली, स्टेरॉइडची सलाइनं झाली. अमेय काळजीने रात्रंदिवस गच्चीवर जाऊन सिगरेटी ओढायचा, पाचाच्या पंधरा झाल्या. नलिनीबाईंना वास यायचा, त्या खालूनच ओरडायच्या, पण ओरडायचं ते फुफ्फुसाच्या नावाने. मग दुसरा डोळा गेला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त हैदराबादला पाठवलं, आणि दीड महिन्याने कागद आला.

कागदावर लिहिलं होतं, एमटी-एनडी-४. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. आपण श्वास घेतो तो शेवटी त्या चुलीत जातो, आणि तिथे शक्ती तयार होते. त्या चुलीच्या यंत्राचे कितीतरी सुटे भाग असतात, त्यातला एक भाग घडवायची कृती ह्या एनडी-४ नावाच्या जनुकात लिहिलेली असते. त्या लिखाणात अकरा हजार सातशे अठ्ठ्याहत्तराव्या जागी एक अक्षर बदललं आहे. बाकी शरीराचं भागतं, पण डोळ्यांच्या नसेला शक्ती फार लागते, ती नस थकते आणि मरते. आणि ह्या चुली बापाकडून येत नाहीत. त्या आई देते, तिच्या आईने तिला दिलेल्या असतात. आई सगळ्या मुलांना देते, पण पुढे मुली तेवढ्या देतात, मुलग्यांकडून त्या पुढे जात नाहीत. डोळे जातात ते मात्र जास्त करून मुलग्यांचे. ज्यांच्यात हा बदल असतो त्यांच्यातही कोणाचे जातात, कोणाचे आयुष्यभर शाबूत राहतात. तंबाखू आणि दारू मात्र आगीत तेल.

"पहले पता होता," त्या अमेयला म्हणाल्या, "तो पहले ही दिन सिगरेट छुड़वा देती. दूसरी आँख बचती ही, ये नहीं कह सकती. पर कोशिश तो होती."

नलिनीबाईंनी त्या वेळी पर्समधला रुमाल शोधला, आणि तो सापडेना म्हणून पर्सच उलटी केली टेबलावर. शांतारामपंत म्हणाले, "आमच्या घाटंजीकरांत असलं काही नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाटंजीकरांचा प्रश्नच नाही. मुलगी केतकी, अमेयची थोरली बहीण, पिपलानीला दिलेली, तीही होती बरोबर. तिने विचारलं, "म्हणजे माझ्यात पण आहे?" आहेच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ज्या घरात एकच माणूस सापडतो, तिथे पुढे कितपत होईल सांगता येत नाही. दोन-तीन पिढ्यांत सापडले तर मात्र मुलांना लहानपणापासून जपायला हवं, सांगून ठेवायला हवं.

केतकीने त्यातला अर्धाच भाग घरी नेला. आपल्याकडे एकटा अमूच. बस्स. झालं ते झालं. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी आईनेच दिलेली.

आता ह्या वर्षी केतकीच्या मुलीचं, अबोलीचं लग्न ठरलं. चोवीस वर्षांची पोर, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारी. मुलगा इंदूरचा, तिच्याच ऑफिसातला, मनाने जुळवलेलं. मामाचे डोळे तापाने गेले, एवढंच अबोलीला माहीत. कागद कपाटात.

मिसरोदला आजीकडे केळवण होतं. गोळाभात, कढी, श्रीखंड, अळूची वडी. केतकी आली, तिचा नवरा जितेंद्र आला, अबोली आली. जेवणं झाली, अबोली फोन घेऊन गच्चीवर गेली, आणि केतकीने विषय काढला. केतकी आईवरच गेलेली आहे, फक्त आवाज मऊ.

"अमू, मागे उभं राहायला कौस्तुभदादाला बोलावलंय मी नागपूरहून."

कौस्तुभ म्हणजे शांतारामपंतांचा पुतण्या. चुलतमामा. धडधाकट.

अमेय पानातली शेवटची वडी कडेने शोधत होता. थांबला. "का?"

"अरे, स्टेजवर गर्दी असते. पायऱ्या, लाइट, फोटोवाले. तुला त्रास होईल."

नलिनीबाईंच्या हातात कढीचं पातेलं होतं. ते त्यांनी ओट्यावर असं आदळलं की कढी भिंतीवर उडाली. त्या घरात भांडी आदळण्याकडे कोणी लक्ष देत नाही.

"पायऱ्या दिसतात मला, ताई," अमेय म्हणाला. "खरं बोल ना. विचारतील, कधी गेले, कसे गेले, आणखी कोणाला आहे का."

"विचारतीलच! आणि मग काय सांगू? पोरीचं लग्न मोडू?"

"बरं. नाही राहत उभा. कौस्तुभदादा राहू दे." तो ताईच्या कानाकडे बघत होता. "पण अबोलीला तो कागद दाखव. लग्नाआधी. उद्या तिला मुलगा झाला आणि तो सतराव्या वर्षी टपरीवर सिगरेट प्यायला लागला, तर तिला माहीत नको?"

"काय माहीत करायचंय? अख्ख्या घराण्यात एकटा तू! डॉक्टरच म्हणाल्या होत्या ना, एकटाच असेल तर काही सांगता येत नाही. कशाला पोरीच्या मनात किडा सोडायचा? आईला विचार हवं तर." केतकी स्वयंपाकघराकडे वळली. "आई, सांग गं ह्याला. तुझ्याकडे होतं का कोणी?"

पंधरा वर्षांनी तोच प्रश्न. शेजारी तोच नवरा. आणि समोर तोच अमेय, आता तिच्या कुडीकडे बघत.

नलिनीबाई भिंतीवरची कढी पुसत होत्या. त्यांना वाटलं असेल, आणखी एकदा 'नाही' म्हणायला काय जातंय? एवढी वर्षं निभलं. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जो झाकतो त्याला वाटतं, अजून तासभर तरी काळोख आहे. 'हो' म्हटलं तर अबोलीला कळेल, आणि अमेयलाही कळेल. 'नाही' म्हटलं तर मुलगा राहील आपला, अबोलीच्या पोराचं त्याचं नशीब.

गच्चीच्या जिन्यावर अबोलीच्या चपला वाजल्या. ती हसत हसतच खाली आली.

"होतं," नलिनीबाई म्हणाल्या.

"काय होतं?" शांतारामपंतांनी विचारलं.

"माझा सख्खा मामा. विश्वास. एकविसाव्या वर्षी गेले त्याचे डोळे, अगदी अमूसारखेच. एक आधी, एक नंतर. आणि त्याच्याही मामाचे गेले होते, आजी सांगायची. लहानपणी नाही वारला तो. शहाण्णव साली वारला. लग्नात माझ्या मागे उभा होता ना, कोटवाला, तो मामा उसना होता. खरा मामा शेजारच्या घरात कोंडून ठेवला होता. गर्दीत त्रास होईल म्हणून." शेवटचं वाक्य त्या केतकीकडे बघून बोलल्या.

शांतारामपंतांना आधी कळेचना, आणि कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे फसवलं! तुझ्या बापाने मला फसवलं! अठ्ठेचाळीस वर्षं..."

"हो, फसवलं! आणि सांगितलं असतं तर तुम्ही केली असती मला? तुमच्या घाटंजीकरांत असलं काही नाही ना! आता बसा ते वाक्य चघळत, दात नाहीत तरी."

"आई, बास!" केतकी किंचाळली. "आजच सुचलं तुला? केळवणाच्या दिवशी? माझ्या पोरीच्या संसाराची राखरांगोळी करायला बसलीस? हीच तुझी माया?"

"मम्मी, एक मिनिट," अबोली म्हणाली. तिचा फोन अजून हातातच होता. "ये सब मेरे बारे में है क्या? कोणी मला नीट सांगेल का?"

जितेंद्र जावयाने उठून हात धुतले. जावयांचं बरं असतं, त्यांना हात धुता येतात.

ह्या सगळ्या आरडाओरड्यात अमेय हळूच बोलला.

"आई, पहिला डोळा गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुला हेच विचारलं होतं. मी तिथेच बसलो होतो. तेव्हा तुला माहीत होतं?"

खोटं बोलायची सवय झालेल्या माणसाला एकदा खरं बोललं की थांबता येत नाही, असं काही नसतं. नलिनीबाई थांबू शकल्या असत्या. त्यांनी ओलं फडकं पिळलं.

"होतं."

"तीन महिने होते मधे."

"हो."

"पंधरा सिगरेटी ओढायचो मी रोज. वर. गच्चीवर."

"माहीत आहे मला."

"बाबांना कळू नये म्हणून?"

बाबांना कळू नये म्हणूनच. बाईने आयुष्यभर अख्ख्या कॉलनीला तोंडाने झोडपून काढलं, पण ज्याला भ्यायली तो होता एक छत्री धरून बसलेला हेडक्लार्क. अमेय उठला, खुर्ची जागेवर सरकवली, आणि आपल्या खोलीत गेला. दारसुद्धा आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर नलिनीबाईंना बरं वाटलं असतं.

अबोलीने आईच्या कपाटातून तो कागद काढायला लावला, स्वतः डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटली, आणि मग मुलाला सगळं सांगितलं. केतकी तिच्या पायाशी बसायची बाकी होती, सांगू नकोस म्हणून. मुलाकडचे चार दिवस फोनला उत्तर देत नव्हते. त्या चार दिवसांत केतकीने मिसरोदला एकच फोन केला, "लग्न मोडलं तर तुझ्या दारात आणून सोडीन पोरीला," एवढं म्हणायला. पाचव्या दिवशी तिकडून होकार आला. मुलगा अडून बसला होता म्हणे. त्याची आई म्हणाली, ठीक आहे, मुलीच होऊ देत म्हणजे प्रश्न मिटला. घ्या! जो प्रश्न मुलीच पुढे नेतात तो मुली झाल्याने मिटणार! पण शहाणपण शिकवायला कोणी गेलं नाही, होकार आला हेच खूप.

अबोलीची एकच अट होती. मागे मामाच उभा राहील, आणि तो माझा मामा. कौस्तुभमामाने जेवायला यावं.

होशंगाबाद रोडवरच्या एका मंगल कार्यालयात लग्न झालं. नलिनीबाई आल्या. केतकीने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं नाही, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची दिली. शांतारामपंत पुढे बसले, महिनाभरात ते बायकोशी मिठाचं विचारण्यापुरतंही बोलले नव्हते. आणि अमेय घरात जेवत होता, कपडे धुवायला टाकत होता, "येतो" म्हणून बँकेत जात होता, पण ते भिंतीला सांगितल्यासारखं. नलिनीबाईंनी त्या दिवशी मोत्याची सगळ्यांत मोठी कुडी घातली होती.

गुरुजींनी माईकवर हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. अमेयने अबोलीला गौरीहरापासून उठवलं. रेशमी कुर्ता, डोक्याला फेटा. पायऱ्यांपाशी जरा थांबला, मान किंचित वळवली, कडेने अंदाज घेतला, आणि चढला. एकदाही अडखळला नाही. कोणी विचारलं का, मामांच्या डोळ्यांना काय झालं? विचारलं की! तीन बायकांनी विचारलं. सांगितलं, आणि त्या पुढे पंगतीला गेल्या.

अंतरपाटाशी अबोली उभी, तिच्या मागे अमेय. मंगलाष्टकं सुरू झाली. नलिनीबाईंच्या मुठीत अक्षता होत्या, पण एकदाही टाकायचं सुचलं नाही त्यांना. विश्वासमामाचा हात डोक्यावर आल्यासारखा झाला. नले, मागे कोण उभं होतं गं? त्या मनातल्या मनात म्हणाल्या, आज सख्खाच उभा आहे रे, बघ. आणि मग त्यांना रडू कोसळलं. शेजारची बाई म्हणाली, आजीचा जीव असतो नातीवर. नलिनीबाई तिच्यावर खेकसल्या, "तुम्हाला काय कळतंय!"

वाजंत्री वाजली, हार झाले, लोक उठले. अमेय स्टेजवरून उतरला आणि रांगांमधून येऊ लागला. वाटेत लोक हात मिळवत होते. तो प्रत्येकाच्या कानाकडे बघत होता, प्रत्येकाला ओळखत होता, नावाने हाक मारत होता. बाबांजवळ थांबून त्याने त्यांचा फेटा नीट केला. मग तिसऱ्या रांगेच्या कडेपाशी आला.

नलिनीबाईंनी मान थोडी उजवीकडे वळवली, म्हणजे कुडी त्याच्या समोर यावी. वर्षानुवर्षांची सवय. ओठांवर शब्दही आले होते, जेवून घे रे आधी, असलं काहीतरी.

अमेय थांबला. त्याने कुडीकडे बघितलं नाही. मान सरळ केली, आणि आईच्या डोळ्यांत सरळ, टक लावून बघितलं.

मग तो जेवणाच्या हॉलकडे गेला.